पोस्टरचा उजवा कोपरा

दगडाला विसरायला शिकवावे लागते. माणूस आपोआप विसरतो, भिंत ऊनपावसाने विसरते. पण बव्हेरियाच्या खाणीतला तो करडा, गुळगुळीत चुनखडीचा दगड एकदा मेणचट खडूची रेघ अंगावर पडली की ती पोटात घेऊन बसतो. मग त्याच्यावर ओली वाळू पसरून, दुसरा दगड गोल गोल फिरवत त्याची समजूत घालावी लागते. कालव्याकाठच्या रुव्हिएर शिळाछापखान्यात ही समजूत घालायला पगारी माणसे होती. शेवटचा हात मात्र मादाम ओनोरीन यांचाच असे. नवऱ्याच्या हयातीत त्यांनी हा हक्क कधी मिळवला हे कोणाला आठवत नव्हते आणि आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर तो काढून घेण्याची कोणाची छाती नव्हती.

त्या रविवारी छपाई थांबलेली नव्हती. मंगळवारी ‘शिखरावरची कुमारिका’ या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि सोमवारी सकाळी शिड्या आणि खळीच्या बादल्या घेऊन चिकटवणारे दारात उभे राहणार होते. खाली यंत्र पोस्टरवर निळा रंग चढवीत होते आणि वर, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी सूपच्या वाडग्यात एक बारीक वर्तुळ उमटून विरून जात होते. या घरातल्या मुलांनी आईच्या हृदयाआधी तो ठोका ऐकला असावा. तो चालू असला की कोणाला ऐकू येत नसे. थांबला की सगळे माना वर करीत.

प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. पिवळा झाला होता, तांबडा झाला होता, निळा होत होता. उरला होता काळा. काळ्याचा दगड खाली खिडकीपाशी तयार होता. त्यावर नाटकाचे नाव होते, नायिकेच्या भुवया होत्या, तिच्या हातातल्या लिलीच्या फुलाची कड होती. फक्त एक कोपरा मोकळा होता. कागदावर उजवा येणारा, म्हणून दगडावर डावा. शुक्रवारी त्या कोपऱ्यापाशी येऊन मादाम ओनोरीन यांच्या मुलीने, आपोलीनने, खडू खाली ठेवला होता आणि शांतपणे म्हटले होते, “इथे माझं नाव येईल. नाही तर काहीच येणार नाही.”

तिचे वडील आन्सेल्म रुव्हिएर वारल्यापासून घराची सगळी पोस्टरे आपोलीनच काढीत होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिच्या थोरल्या भावाचे, तेओफिलचे, नाव येत होते. ते नावही तीच लिहीत होती. दगडावर सगळे उलटे लिहावे लागते, आणि तेओफिलला स्वतःचे नाव उलटे लिहिता येत नव्हते. शनिवारी त्याने दार लावून एका फुटक्या दगडावर प्रयत्न केला होता. त्याचा ठसा काढला तेव्हा कागदावर चिरडलेला कोळी उमटला.

“रविवारी जेवताना ठरवू,” ओनोरीन म्हणाल्या होत्या. “काळा दगड यंत्रावर चढायच्या आत.”

म्हणून आज मटण होते, पांढऱ्या घेवड्यात शिजवलेले, आणि म्हणूनच तेओफिल आपल्या काकांचा पेला तिसऱ्यांदा भरीत होता.

“घ्या ना काका. ही बाटली खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती.”

“माझ्यासाठी?” प्लासीदकाकांनी बाटलीवरची चिठ्ठी लांब धरून वाचली. आन्सेल्मचे हे धाकटे भाऊ. यंत्रखाना त्यांच्या ताब्यात होता आणि उलटे लिहिता येणारे घरातले दुसरे माणूस तेच होते. “मागच्या नाताळात मी हीच मागितली, तेव्हा ही तुझ्या सासऱ्यांसाठी राखलेली होती.”

“सासऱ्यांना झेपत नाही ती.”

“मला झेपते,” काका म्हणाले आणि ते सिद्ध करून दाखवले.

“काका, ते नवीन यंत्र बघून आलो मी,” तेओफिल मुद्द्यावर आला. “वाफेचा दाब असा, की कागद नुसता ठेवायचा. प्रदर्शनातून चार मोठी कामं आली की लगेच घेऊ. आता प्रदर्शनाचं बोलावणं माझ्या नावाने आलंय म्हटल्यावर…”

“तुझ्या नावाने,” आपोलीन म्हणाली. तिने डाव्या हातातल्या काट्याने घेवड्याचा एक दाणा टोचला. “माझ्या चित्रांसाठी.”

“घराण्याच्या चित्रांसाठी!”

“घराण्याला किती हात आहेत, दादा? मला वाटत होतं, एकच आहे आणि त्याला आत्ता खडूचा वास येतोय.”

एद्वीजने आपल्या नवऱ्याकडे, तेओफिलकडे, पाहिले. तिला या घरात येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी टेबल असे थरथरत असताना जेवणे तिला अजून जमत नव्हते. ती प्रत्येक घास दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत उचलत असे. वसंतात पोस्टरांचे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि तिने नव्या भेटकार्डांचा गठ्ठा छापून आणला होता. मुद्दाम दुसऱ्या छापखान्यातून, घरात कोणी पाहू नये म्हणून. त्यांवर ‘तेओफिल रुव्हिएर, चित्रकार’ असे होते. त्यांतली निम्मी तिच्या आईने एव्हाना वाटून टाकली होती.

“आपोलीन,” ती गोड आवाजात म्हणाली, “बाईमाणसाचं नाव थिएटरच्या पोस्टरवर, म्हणजे भिंतीवर, रस्त्यावर… कुत्री येतात गं तिथे.”

“मग दादाच्या नावावर काय करतात ती, वहिनी?”

प्लासीदकाकांना ठसका लागला.

“लोक काय म्हणतील ते सांगतो,” तेओफिलने सुरी खाली ठेवली. “म्हणतील, भाऊ बहिणीला राबवतो.”

“बरोबरच म्हणतील.”

“आई, ऐकतेस ना?”

ओनोरीन टेबलाच्या टोकाला बसून पावाने ताट पुसत होत्या. त्यांना आता माणसे डागांसारखी दिसत. तेओफिल म्हणजे एक मोठा तपकिरी डाग, एद्वीज जांभळा आणि आपोलीन खिडकीसमोरचा कृश, काळा. पण आवाजांच्या कडा मात्र अजून स्वच्छ होत्या. “ऐकते आहे. तेओ, तू शेवटचं चित्र कधी काढलंस रे?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“शाळेत काढलं होतंस. घोड्याचं. मास्तरांनी खाली लिहिलं होतं, ‘घोडा’. नाही तर कळलं नसतं.”

“बाबा गेले तेव्हा तू म्हणालास, तात्पुरतं,” आपोलीनचा आवाज खाली आला. थट्टा तिच्या बोलण्यातून निघून गेली की तिचा चेहरा वडिलांसारखा दिसे. “गिऱ्हाइकं बावरतील, थोडे दिवस माझं नाव घाल. घातलं. पोस्टर भिंतीवर लागलं की मी पहाटे उठून बघायला जाते, दादा. लोक थांबतात. एखादा कोपऱ्यात वाकून नाव वाचतो. आणि मी त्याच्या मागे उभी असते, रस्ता चुकलेल्या बाईसारखी.”

खाली ठोका पडत राहिला.

“काका,” तेओफिल घाईने म्हणाला, “तुमचं काय मत?”

प्लासीदकाकांनी पेल्यात पाहिले. पेल्यात नवे यंत्र दिसत होते, आणि त्याच्या मागे कुठे तरी, अंधूक, पुतणीचा चेहरा. “हे बघ पोरी,” ते सावकाश बोलू लागले, “नाव म्हणजे शेवटी काय असतं? मी इतकी वर्षं यंत्र चालवलं, माझं नाव कुठे…”

यंत्र थांबले.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. सूपमधले वर्तुळ विरले आणि पुन्हा उमटले नाही. प्लासीदकाका नॅपकिन गळ्यालाच ठेवून जिन्याने खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पाठीमागे काही तरी होते आणि चेहऱ्यावर देवळात शिंक आलेल्या माणसाचे भाव होते.

“वहिनी,” ते ओनोरीन यांना म्हणाले, “आधी मटण संपू द्या.”

“संपलं.”

“मग चीज?”

“प्लासीद.”

त्यांनी पाठीमागचा कागद पुढे आणला आणि टेबलावर उलगडला. त्याचे टोक घेवड्यात बुडाले, पण ते कोणाच्या लक्षात आले नाही.

कागदावर सूर्योदय होता, बर्फ होते आणि शिखरावर ती उभी होती, आजन्म कौमार्याची शपथ घेतलेली, पाचव्या अंकात हिमवादळात देह ठेवणारी कन्या. काळा रंग अजून चढला नव्हता, त्यामुळे तिला भुवया नव्हत्या. पण आपोलीनने तिच्या पांढऱ्या झग्याच्या चुण्यांतून निळी सावली अशी सोडली होती, की थंडी कागदातून बोटांना लागावी. आणि त्या सावलीत, कमरपट्ट्याच्या बरोबर खाली, एक बाळ बसले होते.

ते गुबगुबीत होते, अतिशय प्रसन्न होते, आणि मूठ उंचावून त्याने एक चमचा धरला होता.

“हे बाळ कुणाचं?” एद्वीज किंचाळली.

“घरोघरच्या भांडणांची सुरुवात याच प्रश्नाने होते,” ओनोरीन म्हणाल्या. “कसलं बाळ?”

“किती कागदांवर आलंय?” तेओफिलचा आवाज फुटला.

“पहिल्या पहिल्या कागदांवर काही नाही. मग एक मळभ आल्यासारखं वाटलं, ते यंत्रवाल्याला वाटलं शाई जास्त झाली. मग डोकं आलं.” काकांनी घाम पुसला. “शेवटच्या गठ्ठ्यात तर त्याच्या गालाला खळी पडलीय.”

“उरलेला कागद?”

“संपला. हाच होता. आणि मंगळवारच्या आत नवा दगड काढून होणार नाही.”

तेओफिल कागदावर वाकला आणि एकदम ताठ झाला. “अरे, ही तर दूधपिठी! बाबांची दूधपिठीची जाहिरात! तेच डावखुरं बाळ!”

ते सगळ्यांनाच ठाऊक होते. आजारपणाच्या आधी आन्सेल्मने काढलेले ते शेवटचे चित्र. दूधपिठीच्या मालकाने नमुना पाहिला आणि परत पाठवला, कारण बाळाने चमचा डाव्या हातात धरला होता. आमची पिठी खाणारी मुले व्यवस्थित असतात, असे त्याने कळवले होते. आन्सेल्म रुव्हिएर, ज्याने जन्मभर सगळे जग उलटे करून दगडावर ठेवले, तो शेवटच्या चित्रात उलटे करायचे विसरला. घरात या गोष्टीचा उल्लेख होत नसे. झालाच तर आवाज खाली आणून, जसा एखाद्या आजाराचा करतात. तो दगड तळघरात भिंतीकडे तोंड करून पडून होता. एवढ्या मोठ्या मापाचा दुसरा दगड मोकळा नव्हता, म्हणून महिन्यापूर्वी त्याला बाहेर काढले, घासले आणि आपोलीनला निळ्या रंगासाठी दिले.

“म्हणजे तो नीट घासला गेला नाही,” तेओफिल गरजला. “दगडाने जुनं पोटात धरून ठेवलं. कुणी घासला होता हा…”

टेबलाखाली एद्वीजचा बूट त्याच्या नडगीवर बसला. वाक्य तिथेच मोडले.

शेवटचा हात कोणाचा असतो हे चौघांनाही एकदमच आठवले होते. एद्वीज छताकडे पाहू लागली. आपोलीन कागदाकडे पाहतच होती.

“वाळू हलकी आली असेल,” प्लासीदकाका म्हणाले. “हल्ली फार भेसळ करतात.”

“हवा दमट आहे,” एद्वीज म्हणाली.

“दगडच जुना,” तेओफिल पुटपुटला. “जुन्या दगडांचं असंच असतं.”

“मीच घासला,” ओनोरीन म्हणाल्या.

“हो का? आम्हाला वाटलं…”

“काय वाटलं?”

“काही नाही.”

ओनोरीन यांनी पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. त्या दिवशी त्यांनी माणसांना जेवायला पाठवून दिले होते. वाळू फिरवताना आपला हात कुठे जड होता आणि कुठे हलका झाला, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यासाठी डोळे लागत नाहीत. दगडाला विसरायला शिकवताना शिकवणाऱ्यालाही थोडे विसरावे लागते, आणि त्या दिवशी त्यांना ते जमले नव्हते. परंतु ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगण्याजोगी नव्हती.

“आणि ल्युदिव्हीनबाई कॉफीला येताहेत!” एद्वीजने गाल धरले. “पोस्टर बघायला! त्या कुमारिका आहेत या नाटकात!”

तेओफिल उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. येताना त्याच्या चालीत एक नवीनच उमदेपणा होता.

“मी विचार केला,” तो म्हणाला. “आपोलीनचं म्हणणं खरं आहे.”

“कुठलं?”

“नावाचं. ज्याचं काम त्याचं नाव. मी कोण मध्ये येणार? काळ्या दगडावर तुझंच नाव घाल. मोठं घाल.”

“मी तर यांना पहिल्यापासून हेच सांगते,” एद्वीज म्हणाली. “अहो, नाही का सांगत?”

“सांगतेस.”

“आणि कुत्री?” आपोलीनने विचारले.

“कुठली कुत्री?”

प्लासीदकाका खुर्चीत मागे रेलले. नवे यंत्र पेल्याच्या तळाशी बुडाले होते; आता तिथे फक्त पुतणी दिसत होती. “बघ पोरी, घाई करू नकोस. तुझ्या गळ्यात घालताहेत हे. उद्या सगळं शहर हसेल आणि कोपऱ्यात तुझं नाव असेल.”

आपोलीनला ते दिसत होते. आपले नाव तिने हजारदा मनात लिहिले होते, नेहमी उलटे, कारण सुलटे लिहिण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. आणि प्रत्येक वेळी ते एखाद्या निर्दोष चित्राखाली असे. आता ते मिळत होते, पण एखाद्याने काटा काढून हातावर ठेवावा तसे. नाकारले तर पुढच्या पोस्टरला पुन्हा हेच टेबल, हेच मटण. तिने बाळाकडे पाहिले. बाळ तिच्याकडे पाहून हसत होते आणि त्याला तिच्या उत्तराची मुळीच घाई नव्हती.

“लिहिते,” ती म्हणाली.

“नीट विचार कर हं,” तेओफिल चपापून म्हणाला.

“केलाय, दादा. तू भात्यातून काढलास तो बाण आता परत ठेवू नकोस.”

तेवढ्यात जिन्यावर रेशमाची सळसळ झाली. एद्वीजने विजेसारखे हलून नासपतीच्या गोड पाईचे तबक उचलले आणि कुमारिकेच्या पोटावर ठेवले.

ल्युदिव्हीन साराझाक यांचे वय नाट्यगृहात कोणी उच्चारीत नसे. पण त्यांची पहिली भूमिका पाहिलेली माणसे आता नातवंडांना घेऊन येत. त्या आत आल्या आणि खोली लहान झाली. त्यांनी ओनोरीन यांच्या गालाला गाल लावला, तेओफिलला हाताचे चुंबन घेऊ दिले आणि थेट टेबलाशी आल्या.

“वा! हा सूर्य सुंदर आहे. हे बर्फ… आणि ही मी. किती उंच दिसते! हे तबक का ठेवलंय माझ्यावर?”

“पाई आहे, बाई. ताजी,” एद्वीज म्हणाली. “तिथेच थंड होऊ द्यायची पद्धत आहे आमच्यात.”

“उचला.”

कोणी हलले नाही.

“मादाम,” ल्युदिव्हीनबाई म्हणाल्या, “मी स्टेजवर राजांना हुकूम दिलेत. उचला ते.”

शेवटी ओनोरीन यांनीच चाचपडत तबक उचलले आणि आपल्यापुढे ओढून घेतले. लोणी त्यांच्या बोटांना लागले. ल्युदिव्हीनबाईंनी दांडीचा चष्मा डोळ्यांना लावला, खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

“हे कुणी काढलं?”

“हिने!” तेओफिलने बहिणीला खांद्याला धरून पुढे केले. “सगळं हिनेच. माझा हातसुद्धा लागलेला नाही. विचारा हवं तर कुणालाही. नावसुद्धा हिचंच असणार आहे कोपऱ्यात. मी चित्रकार नाहीच मुळी!”

एद्वीजने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढून निम्मी भेटकार्डे उडत गेली.

ल्युदिव्हीनबाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यांना सूक्ष्म कंप सुटला होता. पाचव्या अंकात असा सुटला की पडदा पडे. पण त्या हसत होत्या. त्या हसू लागल्या आणि हसतच खुर्चीत बसल्या, आणि त्यांच्या टोपीवरची पिसे कितीतरी वेळ हलत राहिली.

“पोरी, इकडे ये,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “इतकी वर्षं पुरुष मला पोस्टरवर काढतात. एक तर मी पुतळा असते, नाही तर कुणाच्या तरी आजीच्या तरुणपणीचा फोटो. माझ्यावर असा संशय घेता येईल इतकी मी तरुण आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!”

“बाई, ते चुकून…” आपोलीन म्हणू लागली.

“चूप. चुकून म्हणालीस तर मी रागावेन. उद्या लोक पोस्टरपुढे उभे राहतील. एक म्हणेल, बाळ आहे. दुसरा म्हणेल, छे, सावली आहे. तिसरा म्हणेल, चल, तिकीट काढून खात्री करू. थिएटरच्या मालकांना मी सांगते, सावली आहे. आर्चबिशपनी विचारलं तर त्यांनाही सांगते.”

तेओफिलने घसा खाकरला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरत होता. “तसं पाहिलं तर, बाई, रचनेमागची मूळ कल्पना ही आमच्या दोघांच्या चर्चेतून…”

“तेओ,” ओनोरीन म्हणाल्या, “आत्ताच म्हणालास, हातसुद्धा लागला नाही. ते वाक्य जरा वाळू दे.”

प्लासीदकाकांनी पेला उंचावला आणि ते एकटेच प्याले.

कॉफी आली. ल्युदिव्हीनबाई पुन्हा कागदावर वाकल्या होत्या. “गोड आहे हो. खळी बघा. पण डावखुरं का?”

“ती वडिलांची चूक,” तेओफिल हलक्या आवाजात म्हणाला. “उलटं करायचं राहून गेलं. शेवटी शेवटी त्यांचं…”

“आन्सेल्मने दगडावर जन्मात एकही चूक केली नाही.”

ओनोरीन यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी मानही वळवली नव्हती. पण त्यांचे पुसट डोळे खिडकीसमोरच्या काळ्या डागाकडे लागले होते, आणि त्या डागाचा डावा हात कॉफी ढवळीत होता.

चमचा थांबला.

आपोलीनने आधी आपल्या मुठीकडे पाहिले, मग कागदावरच्या. शाळेत या हातावर छड्या बसल्या होत्या. वडिलांनी मात्र तो धरून दगडावर ठेवला होता आणि म्हटले होते, या घरात हाच सरळ आहे. ते काहीही विसरले नव्हते. एक आख्खे काम त्यांनी हातचे जाऊ दिले होते, आणि चमचा हलवला नव्हता.

“साखर विरघळली असेल एव्हाना,” ओनोरीन म्हणाल्या. “जा. दगड वाट बघतोय.”

खाली यंत्रखान्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. दारावर आन्सेल्मच्या अक्षरातली पाटी होती, ‘दगडाला हात लावू नये’, आणि ती या घरातली एकमेव धर्माज्ञा होती. नुसत्या बोटाचा स्निग्ध ठसाही दगड पकडतो आणि शाई लागली की प्रत्येक कागदावर परत देतो. लहानपणी तेओफिलने एकदा मुरंब्याचा अंगठा उमटवला होता, तेव्हा ओनोरीन यांनी दिलेली थप्पड अजून सांगितली जात असे.

आपोलीनने आडव्या फळीवर मनगट टेकवले. डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे, ती लिहीत गेली. अक्षरे पाठमोरी उभी राहिली, एखाद्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसांसारखी. कागदावर गेल्यावरच ती तोंड फिरवणार होती. आपोलीन रुव्हिएर. मोठे नाही, लहानही नाही.

“झालं?” मागून ओनोरीन यांनी विचारले. त्या कठडा धरत जिना उतरून आल्या होत्या.

“झालं, आई. आरसा देऊ? वाचून बघतेस?”

“आरशाने काय होणार मला? कुठे आहे ते सांग.”

“इथे. माझ्या बोटाच्या सरळ खाली. जपून हं.”

ओनोरीन पुढे वाकल्या. मग त्यांनी, पाईचे लोणी अजून लागलेला, आपला उजवा अंगठा नावाच्या शेजारी दगडावर ठेवला आणि दाबला.

“वहिनी!” प्लासीदकाका ओरडले.

“काय झालं?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिले, दगडाकडे पाहिले, पुतणीकडे पाहिले. पुतणी ओठ घट्ट मिटून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. “काही नाही,” ते म्हणाले. “हवा दमट आहे.” आणि ते दगडावरचे सगळे कायमचे पक्के करणारी आम्लाची बाटली आणायला गेले.

संध्याकाळी पुन्हा ठोका सुरू झाला आणि वर न आवरलेल्या कपांमधली उरलेली कॉफी थरथरू लागली.

सोमवारी दुपारी तेओफिल शहरातून घरी परतला तो लालबुंद होऊन. बुलव्हारच्या रुंद रस्त्यावर पोस्टरपुढे वाट अडली होती, पोलीस हटवत होते आणि पोलीसच वळून वळून पाहत होते. दोन ठिकाणी तर खळ वाळायच्या आत शौकिनांनी कागद सोलून नेले होते. त्याने गर्दीत शिरून कोपऱ्यातले नाव वाचले होते, वाकून वाचणाऱ्या एकाच्या मागे उभा राहून. आणि नावाच्या शेजारी त्याला तो डाग दिसला होता. रेषा न् रेषा स्वच्छ उमटलेला एक अंगठा. प्रत्येक भिंतीवर.

“कुणी तरी दगडाला हात लावलाय!” तो दारातूनच ओरडला. “एवढं नावाजलं जाणारं काम, आणि त्यावर अंगठा! कुणाचा आहे तो? मला आत्ताच्या आत्ता…”

टेबलापाशी त्याची आई पावाला लोणी लावीत होती. दिसत नसल्यामुळे सुरी बाजूला ठेवून, अंगठ्याने.

तेओफिल त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. त्याचा हात नकळत आपल्या गालाकडे गेला. मग त्याने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि बसला.

“कुणाचा, म्हणालास?” ओनोरीन यांनी विचारले.

“कुणाचा नाही,” तो म्हणाला. “दगडच जुना.”